गाण्यावरचं लेबल वाचायचं कसं

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर माझी भाची फोन घेऊन शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, मावशी, हे बघ, हे डीप हाऊस आणि हे मेलोडिक टेक्नो, मला तर दोन्ही सेमच वाटतात, माझ्या कानात काही प्रॉब्लेम आहे का? अकरावीत आहे ती, कॉलेजच्या ग्रुपमधे सगळे अशी नावं सटासट घेत असतात आणि ही गप्प बसते. कानात काहीच प्रॉब्लेम नव्हता, क्लबात नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताची ही दोन लेबलं खरंच एकमेकांना खेटून आहेत. मग आम्ही संध्याकाळच्या चहापर्यंत गाणी लावत, बोटांवर मोजत बसलो, आणि तिला जे जे सांगितलं ते इथे लिहून काढतेय, कारण हा प्रश्न खूप जणांना पडतो आणि विचारायला मात्र लाज वाटते. लाज वाटायचं काही कारण नाही.

पहिली गोष्ट. आपण सगळ्याला जॉनर, सबजॉनर, म्हणजे संगीताचा प्रकार आणि पोटप्रकार, म्हणत असलो तरी ही सगळी नावं एका जातीची नाहीत. आपल्या पुण्यातल्या पेठा घ्या ना. शनिवार, बुधवार ही वारांची नावं, सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाची, नाना पेठ नाना फडणवीसांच्या, भवानी पेठेला देवीच्या देवळामुळे नाव मिळालं. नाव ठेवायची रीत दर पेठेत वेगळी, पण म्हणतो सगळ्यांना पेठच, आणि शनिवार पेठेत आज कोणी शनिवारचा बाजार शोधायला जात नाही. गाण्यांच्या लेबलांचंही अगदी तसंच आहे, कुठलं जागेवरून पडलंय, कुठलं वाद्यावरून, कुठलं वाजवणाऱ्यांच्या उभं राहायच्या ढबीवरून, तर कुठलं रेकॉर्ड कोणी काढली त्यावरून. म्हणून नवं लेबल दिसलं की ते गाणं कसं असतं हे नंतर बघा, आधी हे नाव कशावरून पडलं तेवढं शोधा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

म्हणजे बघा, हाऊस हे जागेचं नाव. शिकागोत वेअरहाऊस नावाचा क्लब होता, १९७७ पासून तिथे फ्रँकी नकल्स रेकॉर्डी वाजवायचा, त्या वेअरहाऊसचं पुढे नुसतं हाऊस राहिलं. ट्रॅप पण जागाच, अटलांटाच्या बोलीत जिथे ड्रग्ज विकली जातात त्या घराला ट्रॅप म्हणतात आणि तिथल्या आयुष्यावरची गाणी म्हणून ते नाव. शूगेझ, म्हणजे बुटांकडे टक लावणं, हे उभं राहायच्या ढबीवरून, गिटारवाले पायाशी ठेवलेल्या इफेक्ट पेडलकडे, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या खटक्यांकडे, बघत मान खाली घालून वाजवायचे म्हणून ब्रिटनमधल्या संगीत मासिकांनी दिलेलं. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, रेकॉर्ड मोठ्या कंपनीने काढलेली नाही एवढाच मुळात त्याचा अर्थ, आवाज कसा आहे याच्याशी संबंधच नव्हता.

आणि काही लेबलं फक्त दुकानदारीतून आली, ती ओळखायला शिकणं फार महत्त्वाचं. अमेरिकेत बिलबोर्ड मासिकात काळ्या लोकांच्या रेकॉर्डींचा वेगळा चार्ट असायचा, त्याचं नाव सरळ रेस रेकॉर्ड्स, रेस म्हणजे वंश. १९४९ मधे जेरी वेक्सलर तिथे काम करत होता, त्याने सुचवल्यावर ते बदलून रिदम अँड ब्लूज केलं, तेच आपलं आर अँड बी. म्हणजे हे लेबल मुळात रेकॉर्ड कोण घेतंय ते सांगत होतं. म्हणून १९५० चं आर अँड बी आणि आजचं आर अँड बी पाठोपाठ लावलं तर कानाला नातं सापडत नाही. वर्ल्ड म्युझिकचंही तेच, जून १९८७ मधे लंडनमधल्या एका पबमधे छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं जमली आणि आफ्रिकेतल्या, आशियातल्या रेकॉर्डी दुकानात कुठल्या कप्प्यात ठेवायच्या यावर त्यांनी हे नाव ठरवलं. सेनेगलचा गायक आणि आपला सरोदवादक एका कप्प्यात. असं लेबल दिसलं की पुढे सरका, त्यातून आवाजाबद्दल काहीही कळणार नाही.

आता कानाचं काम. सगळ्यात आधी मोजायला शिका. फोनवर स्टॉपवॉच लावा, १५ सेकंदं ठोके मोजा, चारने गुणा, झालं बीपीएम, म्हणजे एका मिनिटात किती ठोके. भाचीला मी टेबलावर डाव्या हाताने ठोका धरायला लावला आणि उजव्या हाताने मधल्या जागा भरायला लावल्या, दहा मिनिटांत तिला जमलं.

हाऊसमधे प्रत्येक ठोक्यावर खालचा जाड ड्रम पडतो, धम् धम् धम् धम्, दोन धम् च्या बरोबर मधे हाय-हॅटचं, म्हणजे ड्रमवाल्याच्या झांजांच्या जोडीचं, छ्सक्, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर टाळी. वेग साधारण १२० ते १३०. टेक्नोचा सांगाडा बराचसा हाच, वेग थोडा जास्त असू शकतो, मग फरक कशात? टेक्नो डेट्रॉइटचं. हुआन अॅटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डरसन हे शाळेतले मित्र, बाजूच्या बेलव्हिल गावचे, त्यांना यंत्राचा आवाज यंत्रासारखाच ऐकवायचा होता. हाऊस डिस्कोच्या पोटातून आलं म्हणून त्यात चर्चमधल्यासारखा गळा, पियानो, कॉर्ड्स म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, काहीतरी गुणगुणण्यासारखं असतं. टेक्नोमधे एकच छोटा तुकडा चालू राहतो आणि त्याचा रंग हळूहळू बदलत जातो, गाणं संपल्यावर गुणगुणायला हाताशी फारसं काही उरत नाही पण अंगात हालचाल उरते. हा फरक पकडला की भाचीचा प्रश्न सुटायला लागतो. डीप हाऊसमधे गाणं कोण पेलतंय ते ऐका, तिथे मऊ, जॅझच्या वळणाच्या कॉर्ड्स आणि उबदार बेस, म्हणजे खालच्या सुरातला आवाज, पेलत असतो. मेलोडिक टेक्नोमधे एक सिंथची, म्हणजे सिंथसायझरची, ओळ, उदास स्वरांची, पुन्हापुन्हा येते आणि चढत जाते. तिला मी दोन्ही गाणी लावून म्हटलं, आता धम् धम् कडे लक्षच देऊ नको, वर काय चाललंय ते ऐक. तिसऱ्या वेळी तिने डोळे मिटून बरोबर सांगितलं. आणि जी गाणी खरोखर सीमेवरची आहेत त्यांच्यावर तिने दोन्ही लेबलं सांगितली, तेही बरोबरच.

पुण्यातून गोव्याला वीकेंडला जाणारे ज्याला सरसकट सायट्रान्स म्हणतात ते ओळखायला सोपं. हणजुणच्या किनाऱ्यावर नव्वदच्या दशकात जे गोवा ट्रान्स रुजलं त्यातून हे पुढे निघालं. वेग १४० च्या वर, आणि खूण अशी की एका ठोक्याचे चार भाग करा, पहिल्या भागावर ड्रम आणि उरलेल्या तिन्हीवर बेस, धा-गे-गे-गे, धा-गे-गे-गे, असं तासन् तास. एकदा हे तोंडाने म्हणून बघितलं की ट्रान्स आणि सायट्रान्स यात पुन्हा गल्लत होत नाही.

आता जिथे सगळे अडखळतात ती जागा, आणि इथे आपल्याला तबल्याची शिकवणी कामी येते. डबस्टेप १४० बीपीएमचं असं लिहिलेलं असतं पण ऐकताना मान तर ७० वर हलते. कारण स्नेअर, म्हणजे तो कडक वरचा ड्रम, तिसऱ्या ठोक्यावर एकदाच पडतो, त्यामुळे सगळं अर्ध्या वेगात चालल्यासारखं वाटतं. आपल्याकडे ठाय आणि दुगुन म्हणतात ना, तेच. तीनतालाची ठाय टाळीवर धरून दुगुनीत बोल म्हणा, टाळी तीच राहते पण बोल दुप्पट धावतात. ड्रम अँड बेसमधे नेमकं हेच होतं, ड्रम १७० च्या पुढे धावतात आणि खाली बेस त्याच्या निम्म्यावर शांत चालतो, म्हणजे बेस ठायीत आणि ड्रम दुगुनीत. ऐकताना कान बेसवर ठेवलात तर ते गाणं संथ वाटेल, ड्रमवर ठेवलात तर धाप लागेल. म्हणून दोन आकडे आले तर घाबरू नका, दोन्ही लिहून ठेवा.

ड्रम अँड बेस आणि त्याच्या आधीचा जंगल नावाचा प्रकार, दोन्हीचा पाया म्हणजे अमेन ब्रेक. विन्स्टन्स नावाच्या अमेरिकन बँडच्या १९६९ च्या रेकॉर्डमधे ग्रेगरी कोलमनने वाजवलेले जेमतेम सहा-सात सेकंदांचे ड्रम. इंग्लंडमधल्या पोरांनी ते कापले, वेगात फिरवले, तुकडे उलटेपालटे जोडले आणि त्यातून अख्खं संगीत उभं राहिलं. कोलमनला त्याचा पैसा कधीच मिळाला नाही, मला हे दर वेळी ऐकताना आठवतं आणि वाईट वाटतं. ते सात सेकंद एकदा नीट ऐकून ठेवा, मग पुढे शेकडो गाण्यांत ओळखीचा माणूस भेटावा तसे भेटतात.

हिपहॉपची सुरुवात ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधे डीजे कूल हर्कच्या पार्टीत झाली असं धरतात. त्यातलं ट्रॅप ओळखायची खूण हाय-हॅट, तो सरळ न चालता मधेच त्रिकट्-त्रिकट् असा घरंगळतो, आणि खाली रोलंडच्या ८०८ ड्रम मशिनचा लांब घुमणारा बेस. ते मशिन १९८० मधे आलं. पुण्याच्या ताडीवाला रोडवरून पुढे आलेल्या रॅपर एमसी स्टॅनची गाणी मुलं रॅप म्हणून ऐकतात, पण ड्रमकडे कान लावलात तर ट्रॅपची ही खूण लगेच सापडते. रॅप ही बोलायची पद्धत आणि ट्रॅप हा खालचा वाद्यमेळ, दोन लेबलं एकाच गाण्यावर सुखाने राहू शकतात.

मेटलचं, म्हणजे जड गिटारवाल्या रॉकचं, थोडक्यात सांगते. तिथे तीन गोष्टी बघा, वेग, गिटारचा पोत आणि गळा. ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात काम करायचा, यंत्रात त्याच्या बोटांची टोकं तुटली, मग त्याने पुढे तारा सैल करून खालच्या सुरात लावल्या आणि त्यातून तो जड आवाज आला. डूम म्हणजे मेटलमधलं विलंबित. थ्रॅश म्हणजे वेगात, कापल्यासारखी गिटार, मेटालिका आणि स्लेयर या बँडच्या सुरुवातीच्या काळातली. डेथमधे गळा पोटातून घुरघुरतो, ब्लॅकमधे वर किंचाळतो आणि गिटार एकसारखी थरथरत राहते. डेथ आणि ब्लॅक यांच्यात गोंधळ झाला तर फक्त गळा ऐका.

नावांना जोडलेल्या शेपट्या आणि टोप्या पण पाठ करून टाका, थोड्याच आहेत. कोर आलं की बहुतेक वेळा हार्डकोर पंकशी, म्हणजे वेगवान, आक्रमक रॉकशी, नातं असतं, म्हणून मेटलकोर म्हणजे मेटल अधिक पंकचा आवेश. पोस्ट म्हणजे त्या प्रकारची वाद्यं घेतली पण त्याचे नियम सोडले, पोस्ट-रॉकमधे गिटार आहेत पण रॉकचं गाणं नाही. प्रोग म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या मात्रांचं. लो-फाय म्हणजे रेकॉर्डिंग मुद्दाम खरखरीत, घरगुती. अनोळखी लेबल असेल तर आधी शेपूट तोडा, उरलेला शब्द बहुतेक ओळखीचा निघतो. आणि फारच विचित्र नाव दिसलं तर ते लोकांमधून आलंय की डेटामधून हेही बघा, कारण स्पॉटिफायच्या डेटावर ग्लेन मॅकडॉनल्डने जो जॉनरचा नकाशा बनवला त्यात ६००० हून जास्त नावं होती आणि त्यातली काही ऐकणाऱ्यांच्या सवयींचे गट पाडून त्यानेच ठेवलेली होती. अशी नावं कुठल्या वादकाच्या तोंडी कधी नसतात.

हे सगळं झाल्यावर भाचीने मराठी फोक नावाची प्लेलिस्ट उघडली आणि मला राहवेना. एकाच यादीत गोंधळ, पोवाडा, कोळीगीत, लावणी, वर दोन अभंग. आपली लेबलं इतकी नेमकी आहेत आणि आपणच ती वाचायला विसरतोय. गोंधळ हे विधीचं नाव, लग्नानंतर देवीचा घालतात तो, संबळ ऐकू आलं की ओळखा. पोवाडा शाहिराचा, डफ आणि तुणतुणं, आणि त्यात घडलेल्या गोष्टीचं वर्णन. लावणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त घुंगरू येतात, पण फडावरची नाचून करतात ती वेगळी आणि बैठकीची वेगळी, बैठकीत बसून एकेका ओळीवर अदा करत ठुमरीसारखी फुलवतात, आणि शाहिरांनी अध्यात्मावर लावण्या लिहिल्यात त्या आणखी वेगळ्या.

अभंगाचं तर मला सगळ्यात जास्त वाटतं. अॅपवर तो भक्तिगीतात टाकतात, पण अभंग हे चालीचं नाव नाहीच, ते शब्दांच्या साच्याचं नाव आहे. तुकोबांचा तुम्हाला पाठ असलेला मोठा अभंग घ्या आणि अक्षरं मोजा, जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. बहुतेक ठिकाणी सहा, सहा, सहा, चार अशीच येतील, आणि दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळेल. भाचीने वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून मोजलं, शेवटच्या तुकड्यात चारच अक्षरं निघाल्यावर दुसरा अभंग घेतला, मग तिसरा, आणि तिन्हीत तेच निघाल्यावर मान वर करून माझ्याकडे बघितलं. म्हणूनच तोच अभंग दिंडीत पखवाज-टाळावर एका चालीत असतो आणि मैफलीत एखाद्या रागात, लेबल दोन्हीकडे खरंच.

नाट्यसंगीत हे रंगमंचावरून आलेलं नाव, १८८० मधे इथे पुण्यातच अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत शाकुंतल आणलं तिथून पुढचं, त्यामुळे त्यात ख्यालाची तान पण सापडेल, लावणीची चाल पण सापडेल आणि कीर्तनाची पण. आवाजावरून त्याची व्याख्या करायला गेलात तर हाती काही लागणार नाही, नाटकात होतं का एवढंच विचारायचं. सुगम संगीत हा तर रेडिओवरून रुळलेला शब्द, एक विभागच म्हणा ना.

आणि घराणं म्हणजे आपलं सबजॉनर. नावं गावांची, ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर-अत्रौली, किराणा म्हणजे उत्तर प्रदेशातलं कैराना. पण गायक त्या गावचा हवा असं काही नाही, गुरू कोण ते बघायचं. भीमसेनजी गदगकडचे, राहिले पुण्यात, गुरू सवाई गंधर्व, त्यांचे गुरू अब्दुल करीम खाँ, म्हणून किराणा. तसंच डेट्रॉइट टेक्नो बर्लिनमधे बसूनही करता येतं. ऐकताना ढोबळ खुणा अशा, किराण्यात एकेका स्वरावर थांबणं, आग्र्यात सुरुवातीला नोम-तोम, म्हणजे अर्थ नसलेल्या अक्षरांवरचा आलाप, आणि पुढे लयीशी खेळ, जयपूरमधे अनवट राग आणि गुंफलेल्या ताना, ग्वाल्हेरमधे बंदिश स्वच्छ, सरळ मांडलेली. डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाला जाल तेव्हा, १९५३ पासून चालू आहे तो महोत्सव, एका संध्याकाळी दोन घराण्यांचे गायक पाठोपाठ असले तर दोघांचा पहिला अर्धा तास याच कानाने ऐका. सगळ्या खुणा सापडणार नाहीत, हल्लीचे गायक दोन-तीन घराण्यांचं घेऊन गातात, पण गुरूकडचं कुठलं आणि नंतर उचललेलं कुठलं हे हळूहळू कळायला लागतं.

आता स्वतःच्या गाण्यांना लेबलं लावायची कशी. बाबांच्या कॅसेटी मी कॉम्प्युटरवर घेतल्या तेव्हा हा प्रश्न माझ्यासमोर खराच उभा राहिला. एमपी३ फाईलच्या शेवटी १२८ बाइटचा तुकडा जोडून त्यात गाण्याची माहिती, म्हणजे टॅग, भरायची पद्धत १९९६ मधे आली, त्यात जॉनरसाठी एकच बाइट, म्हणजे जॉनर शब्दात नाही तर नंबरात लिहायचं, आणि पहिली यादी ८० नावांची. त्या यादीत पोल्का आहे, कॅबरे आहे, ख्रिश्चन रॅप आहे, ख्याल नाही, ठुमरी नाही, कव्वाली नाही. आपल्यासाठी ३२ नंबरचं क्लासिकल, नाहीतर ४८ नंबरचं एथनिक. बाबांच्या कॅसेटच्या कागदावर मात्र निळ्या बॉलपेनने चार ओळी असायच्या, राग, ताल, कोण, आणि कधी ऐकायचं, म्हणजे "मारवा, विलंबित एकताल" आणि खाली "संध्याकाळी लाव". मी शेवटी तेच उचललं. जॉनरच्या चौकटीत एकच मोठा शब्द लिहा, ख्याल, हाऊस, लावणी, जे असेल ते, आणि बाकी सगळं कॉमेंटच्या चौकटीत, वेग, जागा, गुरू, वाद्य, प्रसंग. सबजॉनर कधीच मोठ्या चौकटीत टाकू नका, ते वर्षावर्षाला बदलतात आणि मग शोधताना काही सापडत नाही. एखाद्या गाण्यावर दोन मोठे शब्द बसत असतील तर दोन्ही लिहा, भांडत बसू नका.

शेवटची कॅसेट माझ्या आजीच्या आवाजातली होती, मागे दगडाची घरघर, मधेच बांगड्यांचा आवाज, आणि कडवं संपलं की दाणे ओतल्याची सळसळ. सॉफ्टवेअरने ती आपोआप ऑदरमधे टाकली. पण हल्लीच्या टॅगमधे यादीतलंच नाव घ्यायची सक्ती नाही, हवं ते टाईप करता येतं. मी ऑदर खोडून तिथे ओवी लिहिलं आणि कॉमेंटमधे "जात्यावरची, पहाटे, ज्वारी दळताना".